व्यसनमुक्ती केंद्रातला धबधबा

तर त्या केंद्रात वायसर म्हणून एक प्लंबर होता. खरं नाव वेगळं, पण ते फक्त केंद्राच्या रजिस्टरमध्ये. कुठल्याही नळाला काहीही झालेलं असो, हा लांबूनच सांगायचा, "वायसर गेलाय," आणि दहातल्या नऊ वेळा आतली ती रबराची चकतीच गेलेली निघायची. दहाव्या वेळी काय व्हायचं ते विचारू नका, कारण दहाव्या वेळी तो प्यायलेला असायचा. बायको तेवढी त्याला 'अहो' म्हणायची, पण ज्या सुरात म्हणायची त्यापेक्षा वायसर बरं.

केंद्रात यायची त्याची ही तिसरी खेप. पहिल्यांदा एकोणिसाव्या दिवशी भिंत चढून गेला, दुसऱ्यांदा चव्वेचाळिसाव्या दिवशी, आणि तीच भिंत. तिसऱ्यांदा बायको स्वतः गेटपर्यंत सोडायला आली, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात अर्धा दिवस रजा टाकून, आणि गेटवर एवढंच म्हणाली, "नव्वद दिवस पुरे करा, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मी दार उघडेन. चिठ्ठी नसेल तर बेलसुद्धा वाजवू नका, उगाच शेजाऱ्यांची झोप मोडते." आणि गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. वायसर मात्र ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला, आणि तिथेच त्यानं ठरवलं की यावेळी चिठ्ठी घ्यायचीच.

आणि खरं सांगायचं तर जमत होतं. याचं अर्धं श्रेय केंद्रातल्या हॉलला. काय हॉल होता तो. भिंतींना असा फिकट हिरवा रंग, जो दुकानात कुणी मागून घेत नसणार, उरलेला गळ्यात मारत असणार. दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी. बावीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नियमांचा एक बोर्ड, आणि एक टेबल ज्याच्या एका पायाखाली पुठ्ठा. त्या हॉलमध्ये बसलं की माणसाला कसलीच इच्छा व्हायची नाही, जेवायचीसुद्धा. सगळे एका रांगेत बसायचे, आपापलं बोलायचे, रडायचं ते रडायचे आणि नऊला झोपायचे. वायसरचे सदुसष्ट दिवस असे गेले, एकदम सपाट.

अडुसष्टाव्या दिवशी डिझायनर मॅडम आल्या.

झालं होतं असं की कुणीतरी देणगीदारानं वडिलांच्या स्मरणार्थ हॉल नवा करून द्यायचं ठरवलं होतं, आणि मॅडम त्यांच्या ओळखीतल्या. कानात लाकडाचे डूल, अंगात चुरगळलेले पण महाग कपडे, पायात जवळजवळ काहीच नाही. आत आल्या त्या थेट भिंतीपाशी गेल्या, तळहात टेकवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. अर्धा मिनिट. ड्रायव्हरला वाटलं बाईंना शॉक लागला, तो पळत मेन स्विचकडे गेला. हा ड्रायव्हर म्हणजे वायसरच्या शेजारच्या खाटेवरचा, ट्रक चालवायचा, गाडी झाडावर घातल्यापासून इथे.

"ही भिंत रडतेय," मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या.

"मॅडम, मागे बाथरूम आहे," वायसर म्हणाला. "जॉइंट गेलाय."

मॅडमनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे अशा काही मायेनं बघितलं की बिचाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं. मग त्यांनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. माणूस निसर्गापासून तुटला, म्हणून त्याला व्यसन लागलं. त्याला परत झाडात, पाण्यात, दगडात नेऊन ठेवलं की व्यसन आपोआप गळून पडतं. डॉक्टर, म्हणजे केंद्राचे प्रमुख, मान हलवत होते. ते तशी सगळ्यालाच हलवतात.

"मला इतकी वर्षं वाटत होतं मेहुण्यामुळे लागलं," ड्रायव्हर वायसरच्या कानात म्हणाला.

मग बारा दिवस नुसती ठोकाठोक. ट्यूबलाइट गेल्या, खुर्च्या स्टोअररूममध्ये गेल्या, नियमांचा बोर्ड गेला, कारण त्यात 'नाही' हा शब्द अकरा वेळा होता आणि मॅडमना तो टोचत होता. त्या जागी लाकडाची एक फळी लागली, तिच्यावर कोरलेलं, 'वाहत राहा'. एक अख्खं झाडाचं खोड उभं चिरून, पॉलिश करून, भिंतीलगत आडवं ठेवलं, छातीएवढ्या उंचीवर. त्याच्यापुढे ओंडक्यांची उंच स्टुलं. उंच का, तर उंचावर बसलं की माणसाला पक्ष्यासारखं मोकळं वाटतं. छतातून वेताच्या टोपल्या लोंबायला लागल्या, आत पिवळे दिवे, इतके मंद की समोरच्याचं फक्त नाक दिसावं. एका भिंतीवर खरं शेवाळ चिकटवलं, ते चौथ्या दिवशी मेलं, मग प्लॅस्टिकचं चिकटवलं आणि त्यावर रोज सकाळी पाणी मारायला एका पेशंटला नेमलं. प्लॅस्टिकवर. स्पीकरमधून एक पक्षी ओरडायचा, दर चाळीस सेकंदांनी, तोच पक्षी, तेच म्हणणं.

आणि मधोमध दगडी धबधबा. तो करणारा प्लंबर तिसऱ्या दिवशी पळाला. मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, पाण्याला जिकडे जायचंय तिकडे जाऊ दे. तो म्हणाला, पाण्याला खालच्या मजल्यावर जायचंय, मॅडम. आणि हत्यारं गोळा करून निघाला. मग डॉक्टरांना आठवलं की आपल्याकडे एक आहे की घरचाच.

वायसरनं पाना हातात घेतला आणि आधी तो नुसता बघत राहिला. हात हलत नव्हता. अगदी दगडासारखा स्थिर. सहा वर्षांत त्यानं आपला हात असा बघितला नव्हता. त्यानं पंप बसवला, पाइप फिरवले, टेप गुंडाळला, बाथरूमचा तो जॉइंटसुद्धा जाता जाता ठीक केला, त्यामुळे भिंतीचं रडणं कायमचं थांबलं, पण ते मॅडमच्या लक्षात आलं नाही. बायको कधी इथे आली की तिला आधी हा धबधबा दाखवायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं झालं. शेवटी पाणी सोडलं. दगडावरून धो धो आलं.

"नाही नाही," मॅडम म्हणाल्या. "असं अंगावर नको यायला. कुणीतरी प्रेमानं ओतावं ना, तसं हवंय मला."

त्यानं कॉक थोडा बंद केला. आणखी थोडा. मग पाव आटा. आणि पाण्याचा आवाज बदलला. बुडुक, बुडुक, बुडुक. वायसरचा हात कॉकवरच गोठला. हा आवाज त्याच्या चांगल्याच ओळखीचा होता, आणि ज्या ठिकाणचा होता तिथे जायला त्याला नव्वद दिवसांची बंदी होती.

"हाच," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या. "हाच तो आवाज."

हो ना, वायसरला वाटलं. हाच.

ऐंशीव्या दिवशी संध्याकाळी हॉल उघडला. बावीस माणसं आत आली आणि दारातच गप्प झाली. टोपल्यांचा पिवळा प्रकाश धबधब्यावर पडत होता आणि पाण्याला असा काही रंग चढला होता की कुणीच कुणाकडे बघेना. मग न सांगता सगळे बसले. आणि कसे बसले, तर रांगेत नाही. चार इथे, तीन तिथे, दोघं खांबाआड. मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, इतके सभ्य की शिंकतानासुद्धा माफी मागायचे, ते खोडाच्या अगदी कोपऱ्यातल्या स्टुलावर चढले आणि एक कोपर असं टेकवलं की जन्मभर तिथेच बसत आलेत.

ड्रायव्हर दिव्यांकडे बघत होता. "हे दिवे मी बघितलेत."

"कुठे?"

"हायवेला. ते वळणावरचं नाही का, दारात दगडी बेडूक आहे ते."

मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा फुलला. "ते तुम्ही बघितलंत? ते माझंच काम. मी तशी चौदा ठिकाणं केलीत. लोक तिथून उठतच नाहीत."

"खरंय मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "मला चौघांनी उठवलं होतं."

मॅडमनी ते कौतुक म्हणून घेतलं. आता यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. बाईंना निसर्ग माहीत होता तो एवढाच, खोड, वेत, धबधबा, बेडूक, आणि तो त्यांनी जन्मभर ज्या बारवाल्यांना विकला होता त्यांचीच गिऱ्हाइकं इथे बसली होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळपर्यंत त्या हॉलमध्ये दारू सोडून सगळं होतं. माणसं पाण्याचे ग्लास एकमेकांवर किणकिणवायला लागली. कुणीतरी स्वयंपाकघरातून खारे दाणे आणले. एकजण भावाच्या आठवणीनं ढसाढसा रडला, मग दुसरा म्हणाला की तुझा भाऊ चोर होता, मग दोघांची कॉलर धरून झाली, मग गळ्यात गळे. मास्तर गायले. ड्रायव्हरनं सगळ्यांना गावाला घेऊन जायचं वचन दिलं आणि सकाळी त्याला ते आठवत नव्हतं. प्यायला होता काय, तर साधं पाणी.

डॉक्टर खूश. पूर्वी माणसं हॉलमध्ये वीस मिनिटंसुद्धा टिकायची नाहीत, आता तीन-तीन तास हलत नव्हती. मॅडमनी फॉर्म वाटले, त्यात हसरे आणि रडके चेहरे, आपल्याला वाटेल त्यावर खूण करायची. बावीसच्या बावीस जणांनी सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. एकानं खाली लिहिलं, 'रोज यावंसं वाटतं.' मॅडमनी त्या फॉर्मचा फोटो काढला.

वायसरनं काय केलं असेल? त्यानंही हसऱ्यावरच खूण केली. आठवड्यावर चिठ्ठी आलेली, उगाच कशाला वाकड्यात शिरा. पण रात्री जीभ टाळूला चिकटायची, दिवसा कानात बुडुक-बुडुक चालू, आणि संध्याकाळचे सहा वाजले की पाय आपोआप हॉलकडे वळायचे. सपाट दिवस संपले होते.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी मास्तर भिंत चढून गेले. मास्तर, गुडघेदुखी असलेले. दुपारी त्यांना परत आणलं, आणि त्यांचे सत्तावन्न दिवस पुसून रजिस्टरमध्ये परत एक लिहिला. ते वायसरला फक्त एवढंच म्हणाले, "अरे, मी संध्याकाळचं पाय मोकळे करायला निघाल्यासारखा निघालो. मला कळलंच नाही."

ते ऐकून वायसर तसाच उठून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला. मॅडमही तिथेच होत्या, उद्घाटनाची पत्रिका निवडत.

"डॉक्टर, तो धबधबा बंद करू का? मास्तर त्याच्यानंच गेले."

"धबधब्यानं कुणी भिंत चढतं का," डॉक्टर म्हणाले.

"आवाजानं होतं. आणि दिव्यांनी. मलापण होतं."

"दादा," मॅडम म्हणाल्या, "हा तुमच्या आतला विरोध आहे. निसर्ग जवळ आला की आधी भीती वाटते. तुम्ही त्याला शरण जा."

"मॅडम, आम्ही शरणच जात होतो. मी नदीकाठच्या बारमध्ये प्यायचो. ड्रायव्हर झाडाखाली. मास्तर शाळेची सहल म्हणून टेकडीवर जायचे, एकटेच. ट्यूबलाइटखाली बसून कोण पितं?"

मॅडम विचार करत होत्या, पण पत्रिकेच्या रंगाचा. डॉक्टरांनी मात्र टेबलावर पुढे झुकून एकदम मऊ आवाजात सांगितलं की उद्घाटन बरोबर नव्वदाव्या दिवशी ठेवलंय, आपल्या या घरच्या कलाकारासाठीच. कॉक वायसरनं उघडायचा, चार शब्द बोलायचे, आणि लगेच पाहुण्यांच्या हस्ते चिठ्ठी. पत्नीलाही बोलावलंय. "आता या सगळ्यात धबधबा बंद वगैरे, बघा बुवा, तुमची तयारी झालीय की नाही अशी मलाच शंका येईल."

वायसर समजायचं ते समजला. चार शब्दांचा कागद मॅडमनीच लिहून दिला. सुरुवात होती, 'मी एक कोमेजलेलं बी होतो.'

उरलेले सहा दिवस त्यानं कानात कापसाचे बोळे घालून काढले.

नव्वदाव्या दिवशी सकाळी हॉल माणसांनी भरला. देणगीदार, त्यांचे पाहुणे, फोटोवाले. बायको कारखान्यातून तशीच आली होती, गळ्यात मोजायची टेप राहिलेली. वायसर नवा शर्ट घालून दारापाशी उभा. तिला आत नेऊन आधी धबधबा दाखवायचा, हे बारा दिवस ठरवलेलं, आणि आता तो नुसता शर्टाची बटणं चाचपत होता.

ती उंबरठ्यावरच थांबली. तिची नजर आधी कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली, मग खांबाआड, मग संडासाच्या दाराकडे, मग खोडाच्या खाली जमिनीवर. याच क्रमानं. अकरा वर्षं ती नवऱ्याला याच क्रमानं शोधत आली होती.

"कुठे आणलंत मला हे?" ती म्हणाली.

"हॉल आहे. नवा केलाय."

"मी तर तुम्हाला केंद्रात सोडलं होतं."

तेवढ्यात मॅडम आल्या, हातात ट्रे, ट्रेवर उंच ग्लास, बर्फ, वर पुदिन्याचं पान. सरबतच होतं, बाकी काही नाही. "या ना वहिनी, आत या. घ्या दादा."

वायसरनं ग्लास घेतला. अंगठा आणि दोन बोटं, करंगळी बुडाखाली. आणि पिण्याआधी तो नाकाशी नेला. जेमतेम एक क्षण. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला, पण बायकोनं बघितलं होतं. ती गळ्यातली टेप काढून बोटांना गुंडाळायला लागली. ती आत आलीच नाही.

भाषणं झाली. निसर्ग हा शब्द इतक्या वेळा आला की स्पीकरमधला पक्षीही थकला असेल. मग डॉक्टरांनी वायसरला पुढे बोलावलं. पाहुण्यांच्या हातात चिठ्ठीचं पाकीट होतं, वर त्याचं खरं नाव. त्यानं आधी कॉक उघडला. बुडुक, बुडुक. टाळ्या. मग माइक हातात आला.

"मी एक कोमेजलेलं बी होतो," त्यानं वाचलं.

पुढची ओळ होती, 'या हॉलनं मला माती दिली.' त्यानं वर बघितलं. बायको दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही, रडू नाही, अगदी काही नाही. नवरा 'आता सगळं छान आहे' म्हणायचा तेव्हा ती अशीच उभी राहायची. आणि तो ते शेकडो वेळा म्हणाला होता.

वायसरनं कागदाची घडी घातली.

"मला इथे प्यावीशी वाटते," तो म्हणाला. "दहा दिवस झाले. रोज. आत्ता तर फारच."

माइक उत्तम होता, मॅडमनी खास मागवलेला, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. देणगीदारांनी सवयीनं टाळी वाजवली आणि मधेच थांबवली.

"मलापण," ड्रायव्हर मागून म्हणाला.

"मी तर जाऊनही आलो," कोपऱ्यातून मास्तर. "माफ करा."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून दिवा गेला. डॉक्टरांनी पुढे येऊन माइक काढून घेतला, वायसरच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं की यालाच आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो. मग त्याला बाजूला घेऊन, दातांतून, "अशा मनःस्थितीत मी चिठ्ठी देऊ शकत नाही. आणखी तीस दिवस राहा, मग बघू."

माइक त्यांच्या हातातच होता, त्यामुळे हे दारापर्यंत ऐकू गेलं. बायको तिथूनच म्हणाली, "डॉक्टर, तीस दिवस कुठे, याच खोलीत?"

"हो, उपचाराचाच भाग आहे हा."

"मग घरी का नको? आमच्याकडे असलं काही नाही. भिंतीला पापुद्रे आलेत, बल्ब आहे उघडा, समोर दुसऱ्या इमारतीची पाठ दिसते. झाड एकसुद्धा नाही. म्हणाल तर कुंडी आहे, त्यात मी ब्रश ठेवते."

"ताई, चिठ्ठीशिवाय सोडलं तर आमची जबाबदारी राहत नाही."

"नकोच राहू दे," ती म्हणाली. "अकरा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा 'प्यावीशी वाटते' म्हणालाय. आधी नेहमी पिऊन झाल्यावर कळायचं." मग नवऱ्याकडे वळली. "बॅग घ्या. आणि मी काही विरघळले वगैरे नाहीये, समजलं का. तोंडातनं एक जरी 'छान' निघालं ना, तर इथेच आणून सोडीन, त्या स्टुलावर."

तो बॅग आणायला गेला तेव्हा मागच्या पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराबाहेर, ड्रायव्हर आणि दोघंचौघं स्टोअररूममधून प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढून रांगेत लावत होते. कोरड्या पडलेल्या भिंतीला पाठ टेकून मास्तर आधीच बसले होते, बादली आणि झाडूच्या मधोमध, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा पहिल्यासारखा सुस्त दिसत होता.

गेटबाहेर आल्यावर वायसर सवयीनं डावीकडे वळला. तिकडनं तळ्याच्या कडेनं सावलीतून घर जवळ पडतं.

"तिकडे झाडं आहेत," बायको म्हणाली. "गोदामांवरून जाऊ."

गोदामांचा रस्ता म्हणजे नुसती धूळ, पत्रे आणि ट्रकचा धूर. तिथे बसथांबा होता, वर गंजलेला पत्रा, मागे सिमेंटच्या पोत्यांची थप्पी, समोर एक लांबच लांब राखाडी भिंत. ऊन मी म्हणत होतं. बायकोनं बाकावर फुंकर मारली, बॅग मधे ठेवली आणि विचारलं, "इथे कसं वाटतं?"

वायसरनं भिंतीकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, बराच वेळ स्वतःच्या आत चाचपून बघितलं.

"काहीच नाही वाटत."

"बरं," ती म्हणाली. "मग एक बस सोडू. बसा जरा."